भिश्ती, हलालखोर आणि आपला प्लंबर

गेल्या पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घरात एक नेहमीचीच अडचण उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकू लागलं. पहिला माणूस आला, त्याने आमच्या बाथरूमच्या सगळ्या लाद्या फोडायला सांगितल्या. दुसरा आला तो माझाच जुना विद्यार्थी. त्याने अम्मीकडे बिर्याणीचा केशरी रंग मागितला, फ्लशच्या टाकीत घातला आणि कोणी फ्लश करू नका असं बजावलं. पंधरा मिनिटांत कमोडमध्ये केशरी धार उतरली. थोड्या वेळाने काकूंच्या छतालाही केशरी थेंब दिसला. टाकीतला रबरी सील झिजला होता, त्यामुळे पाणी सतत वाहत होतं आणि कमोडच्या खालच्या जोडातून झिरपत होतं. त्याने सील बदलला, जोड नव्याने भरला. लाद्या शाबूत राहिल्या.

काम झाल्यावर अम्मीने चहा केला. मला कपात, त्याला कागदी पेल्यात. त्याने तो दाराबाहेर, चपलांशेजारी उभं राहून प्यायला. मी काहीच बोललो नाही. हा लेख त्या न बोलण्यातून निघाला आहे.

पहिल्या माणसाचा उपाय म्हणजे मराठीतल्या म्हणीप्रमाणे ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’. आजच्या मुलांना पखाल ठाऊक नसते. पखाल म्हणजे पाणी वाहायची मोठी कातडी पिशवी, रेड्याच्या पाठीवर लादलेली. माणसाने खांद्यावरून वाहायची लहान पिशवी ती मशक. मशक वाहणारा तो भिश्ती. मूळ फारसी शब्द ‘बिहिश्ती’, म्हणजे जन्नतचा माणूस. तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला यापेक्षा मोठं नाव कोणतं द्यायचं?

1539 च्या चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडत होता. निझाम नावाच्या भिश्तीने मशकीच्या आधाराने त्याला पार नेलं. त्याबद्दल बादशहाने त्याला थोड्या वेळासाठी तख्तावर बसवलं, अशी कथा प्रसिद्ध आहे. पुढे त्या भिश्तीचं काय झालं, हे मात्र कोणी सांगत नाही.

भिश्तीचं काम हळूहळू नळाने घेतलं. आपल्या दख्खनमध्ये नळ इंग्रजांच्या आधीपासून होता. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं आणि तिथे जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणलं. ती नहर-ए-अंबरी. मलिक अंबर स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. पण नहरीला नाव त्याचं लागलं. खापरी नळ जोडणारे, गाळ काढणारे हात निनावी राहिले. मुंबईला तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं ते 1860 मध्ये, विहार तलावातून. 1892 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या तानसाचं पाणी मुंबईला गेलं. नळ घरोघरी पोहोचले आणि भिश्ती रस्त्यावरून दिसेनासा झाला.

पाणी आणणाऱ्याची ही गोष्ट. घाण नेणाऱ्याची वेगळी आहे.

त्यालाही उर्दूने मोठं नाव दिलं: हलालखोर, म्हणजे हलालची कमाई खाणारा. सफाई कामगारांसाठी हे नाव अकबराने रूढ केलं, असं अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त सांगतो. हा शब्द थेट मुंबईच्या 1888 च्या महापालिका कायद्यातही शिरला. घरमालकांकडून ‘हलालखोर कर’ घेतला जाई. पुढे त्याची जागा मलनिःसारण कराने घेतली. मुंबईच्या जुन्या इमारतींमागे जी अरुंद हाऊस गल्ली दिसते, ती या कामासाठीच. टोपलीच्या संडासातला मैला मागच्या बाजूने न्यायचा, पुढच्या दाराने येणाऱ्यांना तो माणूस दिसू नये.

नाव ‘हलालखोर’ आणि वाट मागची. आमच्यात जातपात नाही, असं आपण मुसलमान व्यासपीठावरून सांगतो. पण हलालखोर ही आमच्याच समाजात एक वेगळी बिरादरी होऊन बसली, तिच्याशी रोटीबेटी टाळली गेली, याचा उल्लेख तिथे होत नाही.

टोपली संपवली ती फ्लशने. त्यातल्या दोन युक्त्या समजून घेण्यासारख्या आहेत. टाकी भरली की पाणी आपोआप बंद होतं, कारण तरंगणारा गोळा वर येऊन झडप मिटवतो. अशा तरंगावर चालणाऱ्या झडपा नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपल्या ‘किताब अल-हियल’ या ग्रंथात वापरल्या आहेत. ग्रीकांकडून बरंच घेऊन त्यांनी ही विद्या पुढे नेली. दुसरी युक्ती म्हणजे कमोडखालचा वाकडा पाइप. 1775 मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने त्याचं पेटंट घेतलं. त्या वाकणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातला वायू घरात येऊ देत नाही. महिनाभर गावी जाऊन आल्यावर मोरीला वास येतो, तो हे पाणी सुकल्यामुळे. अशा वेळी फिनेल नको, तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं.

आता आपला प्लंबर बघा. इंग्रजीतल्या या शब्दाचं मूळ लॅटिन ‘प्लुम्बुम’, म्हणजे शिसं. रोमन लोक शिशाचे नळ वापरत. अँगल कॉक बसवतो तेव्हा तो भिश्तीचा वारस असतो. कमोडचा जोड उघडतो तेव्हा हलालखोराचा. ही दोन्ही कामं आज एकाच माणसाच्या हातात आली आहेत. कायद्याने त्याला कारागीर मानलं आहे. 1949 च्या महापालिका कायद्यात नळजोडणीसारख्या कामांसाठी परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. आपण मात्र त्याच्याकडे कधी जन्नतचा माणूस म्हणून पाहतो, कधी टोपलीवाला म्हणून. दाराशी तो कोणत्या कामाने आलाय, त्यावर आपली नजर ठरते.

या नजरेने जीवही जातो. त्याच पावसाळ्यात एका ओळखीच्या सोसायटीत सेप्टिक टँक तुंबला. तिथल्या एका पदाधिकाऱ्याने याच मुलाला सांगितलं, ‘‘तुझ्या पोऱ्याला खाली उतरव, पाचशे जास्त देतो.’’ त्याने नकार दिला आणि गाडी बोलवायला सांगितलं. त्यावर त्याला ‘माजलाय’ म्हणून ऐकून घ्यावं लागलं. टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो, म्हणून वरून सगळं ठीक वाटतं आणि उतरलेला माणूस परत येत नाही. टोपलीच्या संडासांवर 1993 मध्ये कायद्याने बंदी आली. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हाही गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जबाबदारी उतरवणाऱ्याची आहे, म्हणजे तुमची-आमची. पाचशेच्या नोटेने ती फिटत नाही.

तहारतीवर आपण किती बोलतो! वुजूचं पाणी पाक हवं, कपडे पाक हवेत. ते पाणी ज्याच्या हातांमुळे नळाला येतं आणि ज्याच्या हातांमुळे निघून जातं, त्याचे हात मात्र आपल्याला नापाक वाटतात.

त्या रात्री मी अम्मीला विचारलं, तुझ्या लहानपणी कल्याणच्या वाड्यात टोपली न्यायला कोण यायचं? म्हणाली, ‘‘एक बाई यायची. रोज यायची.’’ नाव काय तिचं? अम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘कोणी विचारलंच नाही रे.’’

मी तरी काय वेगळं केलं होतं? ज्या मुलाचं नाव मी वर्षभर हजेरीत पुकारलं, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये ‘प्लंबर’ म्हणून होता. तो मी बदलला. आठवड्याने तो जोड तपासायला आला, तेव्हा अम्मीने स्वतःच त्याला नावाने आत बोलावलं. चहा तिघांनी एकत्र घेतला, घरच्याच कपात.