संगणकावरची मराठी : दिसते तशी नसते

एका परिचित गृहस्थांनी निवृत्तीनंतर चार वर्षे खपून आपल्या आठवणी संगणकावर लिहून काढल्या होत्या. त्यांच्या पश्चात मुलीने ती फाइल नव्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर उमटेना. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि नाना चिन्हे यांची पानेच्या पाने सरमिसळ तेवढी दिसत होती. फाइल बिघडली, असे घरच्यांनी मानले. दुरुस्ती करणाऱ्याने व्हायरसचे नाव घेतले. वस्तुतः फाइल शाबूत होती. हरवला होता तो केवळ एक फॉन्ट.

असा अनुभव आज अनेक मराठी घरांत आणि कार्यालयांत येतो. गृहनिर्माण संस्थेची जुनी इतिवृत्ते, शाळेच्या प्रश्नपत्रिका, प्रबंधांच्या प्रती, दिवाळी अंकांचे मजकूर या साऱ्यांवर हे संकट आहे. त्याचे मूळ समजून घेतले, तर जुने लेखन वाचवता येते आणि रोज संगणक व मोबाइल वापरताना बुचकळ्यात पाडणाऱ्या अनेक बारीकसारीक गोष्टींचाही उलगडा होतो.

अक्षर नव्हे, अक्षराचे चित्र

संगणकाला अक्षरे कळत नाहीत. त्याला आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून दिलेला असतो आणि फाइलमध्ये तो क्रमांकच साठवला जातो. पडद्यावर त्या क्रमांकाच्या जागी कोणते चित्र काढायचे, हे फॉन्ट ठरवतो. आरंभीच्या काळात हे क्रमांक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरले होते आणि एका फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा असत.

मराठीची निकड मात्र थांबणारी नव्हती. म्हणून भारतातील फॉन्टनिर्मात्यांनी एक युक्ती योजली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर त्यांनी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवली. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकित केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे साठवली जातात. फॉन्ट जागेवर असेतो ‘मराठी’ दिसते. फॉन्ट गेला की ती पाच अक्षरे उघडी पडतात. म्हणजेच आपण मराठी लिहीत होतो, पण संगणकाच्या लेखी ती मराठी कधी नव्हतीच.

त्यातही प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी. कृतिदेवमधील मजकुराला ‘श्रीलिपी’चा फॉन्ट लावला, तर तो वाचता येत नाही. एका छापखान्यात केलेले काम दुसऱ्या छापखान्यात चालत नसे, ते याच कारणाने. मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्यावहिल्या संकेतस्थळांचेही तेच झाले. वाचकाला आधी त्या वृत्तपत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि शोधयंत्राला त्या बातम्यांत मराठी शब्द सापडणे दुरापास्त असे.

एका अक्षराला एक क्रमांक

या गोंधळावरचा उपाय तसा जुना आहे. भारतीय भाषांसाठी सामायिक क्रमांकव्यवस्था आखण्याचे काम १९८०च्या दशकातच सुरू झाले होते. ‘इस्की’ या नावाने ओळखले जाणारे हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र आणि कायमचा क्रमांक द्यावा, ही तिच्यामागची कल्पना. देवनागरीसाठी तिच्यात १२८ जागांचा एक गट राखून ठेवला आहे आणि त्याची मांडणी इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावर बेतलेली आहे.

असे असले, तरी युनिकोड सामान्य माणसाच्या हाती यायला बराच काळ लोटला. ‘विंडोज २०००’मध्ये देवनागरीची सोय आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला. २००१च्या ‘विंडोज एक्सपी’मध्ये ती सोय होती, पण मूळ सीडी घालून ती मुद्दाम चालू करावी लागे. बहुतेकांना हे ठाऊकच नव्हते. ‘पेजमेकर’सारख्या मुद्रणाच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नसे, त्यामुळे छपाईच्या व्यवसायात जुने फॉन्ट पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले. ज्यांचे लेखन त्या मधल्या वर्षांत झाले, त्यांच्या फायली आज अधिक धोक्यात आहेत.

वेलांटी, रफार आणि ठिपक्यांचे वर्तुळ

युनिकोडमध्ये मराठी जशी दिसते त्या क्रमाने नव्हे, तर जशी उच्चारली जाते त्या क्रमाने साठवली जाते. ‘किती’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, टंकलेखन यंत्रावर आणि जुन्या फॉन्टमध्ये ती आधी टंकित करावी लागे. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी. जुनी सवय असलेल्या टंकलेखकाने वेलांटी आधी दाबली की पडद्यावर ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते. ‘ही वेलांटी निराधार आहे, तिला व्यंजन द्या’, एवढाच त्याचा अर्थ.

खोडतानाही असाच अनुभव येतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या हिशेबी त्यात दोन हलन्त चिन्हे धरून एकूण दहा घटक असतात. मागे खोडणारी कळ बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकेक घटक पुसते. त्यामुळे एकदा दाबल्यावर ‘थी’चा ‘थ’ होतो, अख्खे अक्षर जात नाही. पुढचे खोडणारी कळ मात्र सहसा संपूर्ण जोडाक्षर एकदम गिळते. हा दोष नव्हे. लहानशी चूक सुधारायची असेल, तर मागे खोडणारी कळच उपयोगी पडते.

मराठीला अत्यावश्यक असलेल्या एका अक्षराचा येथे स्वतंत्र उल्लेख करायला हवा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ बोलावले की गुरुजन येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावले की स्वयंपाकी. हा फरक दाखवणारा आडवा र हिंदीत नाही. म्हणून तो कसा काढावा, हे अनेकांना उमगत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ हे अक्षर आहे. ते दाबून हलन्त द्यावा आणि मग ‘य’ किंवा ‘ह’ टंकित करावा. एवढ्याने ‘दऱ्या’ आणि ‘ऱ्हास’ दोन्ही साधतात.

एकच शब्द, अनेक रूपे

शोधयंत्रात किंवा कार्यालयातील नोंदींत एखादा शब्द डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही, ही नेहमीची तक्रार. त्याचे कारण बऱ्याचदा अदृश्य असते. आडवा र ‘ऱ’पासून जसा साधतो, तसा तो साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह यांपासूनही साधता येतो. दोन्ही सारखेच दिसतात, पण क्रमांक निराळे. एकाने नोंदलेला ‘सातारकऱ्यांचा’ दुसऱ्याच्या शोधात अडकत नाही.

‘ॲ’ची कथा तर अधिकच बोलकी. बँक, कॅमेरा यांतील चंद्र आधीपासून होता. परंतु ‘अ’वर चंद्र असलेल्या मराठी स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’ टंकित करून त्याला वेगळा चंद्र जोडत. काही जण हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरत. आजही या तिन्ही रीती चालू आहेत. ‘ॲडव्होकेट’ हा शब्द एका कार्यालयातील तिघांनी तीन रीतींनी लिहिला, तर संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द ठरतात, आणि साधा शोध घेणाऱ्यास त्यांतला एकच हाती लागतो. म्हणून नोंदी ठेवणाऱ्यांनी आरंभीच एक रीत ठरवून ती सर्वांना सांगावी.

नावांच्या याद्या लावतानाही जपावे लागते. मराठी वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही अक्षरे शेवटी, ‘ह’नंतर येतात. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे आणि ‘क्ष’ला स्वतंत्र जागाच नाही, तो ‘क’, हलन्त व ‘ष’ यांनी बनतो. ज्या सॉफ्टवेअरला मराठीचा क्रम ठाऊक नसतो आणि जे केवळ क्रमांकांवर विसंबते, ते ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘कौ’ने सुरू होणाऱ्या नावांच्याही खाली, पण ‘ख’च्या वर टाकते. यादीच्या शेवटी शोधणाऱ्याला ते सापडत नाही आणि नाव गळल्याचा निष्कारण गवगवा होतो.

मोबाइलवरील मराठी

मोबाइलवर हीच तत्त्वे वेगळ्या रूपांत भेटतात. एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. साध्या रोमन लिपीत त्यांत १६० अक्षरे बसतात. देवनागरीतील एकही अक्षर आले की मर्यादा ७० घटकांवर येते. ‘विद्यार्थी’ या एका शब्दाने त्यातले दहा खर्ची पडतात. मराठी संदेश चटकन दोन-तीन तुकड्यांत विभागला जातो आणि तेवढ्या संदेशांचे मोल पडते, ते यामुळे. संस्थांच्या वतीने सभासदांना संदेश धाडणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

दुसरी अडचण भाषेच्या निवडीची. लिपी एकच असल्यामुळे अनेकांच्या मोबाइलवर मराठीऐवजी हिंदीचा कळफलक चालू असतो. मग ‘मी’ टंकित करताना ‘में’ सुचवले जाते, ‘नाही’चे ‘नहीं’ होते आणि ‘ळ’ शोधावा लागतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी ही भाषा स्वतंत्रपणे निवडली की सूचना बदलतात. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणांचाही याच्याशी संबंध आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून या अक्षरांची मराठी वळणे प्रमाण ठरवली. काही फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्यावरच मराठी वळण दिसते.

बोलून लिहिण्याची सोय मराठीसाठी गुगलने २०१७मध्ये उपलब्ध करून दिली. ज्यांना टंकलेखन जमत नाही, त्यांना तिचा मोठा आधार झाला आहे. तथापि ऱ्हस्व-दीर्घ, ‘न’ आणि ‘ण’, विरामचिन्हे यांबाबत यंत्रावर डोळे मिटून विसंबू नये. पाठवण्यापूर्वी एकवार वाचणे श्रेयस्कर. संगणकावर इनस्क्रिप्ट अवघड वाटत असल्यास रोमन उच्चारांवरून मराठी उमटवणारे कळफलकही आहेत. ‘विंडोज १०’मध्ये २०१९च्या मे महिन्यातील सुधारणेपासून तशी सोय मुळातच अंतर्भूत आहे.

जुन्या फायलींचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपली जुनी फाइल युनिकोडमध्ये आहे की नाही, हे ओळखणे सोपे आहे. तिच्यातील एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. मराठी मराठीच राहिली, तर चिंता नाही. तिची रोमन सरमिसळ झाली, तर ती जुन्या फॉन्टमधील आहे.

अशा वेळी प्रथम मूळ फाइलची प्रत काढून ती बाजूला ठेवावी. नंतर मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव दिसते ते टिपून घ्यावे. फॉन्ट संगणकावर नसला, तरी त्याचे नाव बहुधा फाइलमध्ये नोंदलेले असते आणि तीच खरी किल्ली आहे. त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. चुकीच्या फॉन्टचा परिवर्तक लावल्यास एका गोंधळातून दुसरा गोंधळ तेवढा निर्माण होतो.

परिवर्तनानंतर तपासणी अपरिहार्य आहे. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरावर योग्य ठिकाणी बसली का, रफार पुढच्या अक्षरावर गेला का, आडवा र टिकला का, आणि आकडे व विरामचिन्हे बदलली नाहीत ना, या चार जागी चुका हमखास आढळतात. मजकुरातील इंग्रजी शब्दांची तर परिवर्तक देवनागरी करून टाकतो. ते हातानेच दुरुस्त करावे लागतात. पीडीएफ फाइल डोळ्यांना निर्दोष दिसली, तरी तिच्यातून उचललेला मजकूर बिघडलेला निघू शकतो. तसे झाल्यास किंवा केवळ छापील प्रत उरली असल्यास, पानांची प्रतिमा घेऊन अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या आठवणी अशाच रीतीने परत मिळाल्या. फाइलमध्ये फॉन्टचे नाव शिल्लक होते. परिवर्तनाला काही मिनिटे लागली आणि तपासणीला मुलीचे तीन आठवडे. तिला ते कष्ट वाटले नाहीत, कारण त्या निमित्ताने वडिलांचे लेखन तिने प्रथमच ओळ न् ओळ वाचले. पण सीडी आणि जुन्या हार्ड डिस्क कायम टिकत नाहीत, आणि कोणता फॉन्ट वापरला होता हे सांगणारी माणसेही सदैव असत नाहीत. ज्यांच्या कपाटात अशा फायली आहेत, त्यांनी हे काम येत्या सुटीवर ढकलू नये.