बिनशेपटीचा वाघ

पौर्णिमेचा चंद्र, अंगभर उगवणारे केस आणि चांदीची गोळी. 'वेअरवुल्फ' म्हटले की डोळ्यांपुढे येणारे हे चित्र बव्हंशी हॉलिवूडने घडवले. त्याच्या कितीतरी आधीची, पेशवाईच्या छायेतली एक हकीकत मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

१८३५ च्या हिवाळ्यात विल्यम स्लीमन (ठगांचा बंदोबस्त करणारा तोच) सागर प्रांतातून प्रवास करीत होता. वाटेत त्याला देवरीचे रामचंद्रराव भेटले. पेशव्यांच्या काळी देवरी त्यांच्याकडे होती आणि लोक त्यांना 'श्रीमंत' म्हणूनच ओळखत. देवरीकडच्या घाटात वाघांनी माणसे मारली होती, त्यामुळे बोलणे नरभक्षकांवर आले. श्रीमंतांचे म्हणणे असे, की यांतले काही वाघ मुळात माणसेच असतात.

पुरावा घरचाच होता. श्रीमंत तान्हे असताना त्यांच्या वडिलांकडे रघू नावाचा परीट होता. वाघ झाल्यावर कसे वाटते, हे अनुभवण्याची त्याला अनावर इच्छा झाली. त्याने रानातून दोन मुळ्या आणल्या. एक खाल्ली की माणसाचा वाघ होई, दुसरी खाल्ली की वाघाचा पुन्हा माणूस. दुसरी मुळी त्याने बायकोच्या हाती दिली आणि आपले रूप पालटताच ती तोंडात घालण्यास बजावले. रघू वाघ झाला. समोर वाघ पाहून ती बिचारी उताऱ्याची मुळी हातात धरूनच पळाली! रघू रानात शिरला, त्याने ओळखीपाळखीची बरीच माणसे खाल्ली आणि अखेर गोळीला बळी पडला. ओळख पटली ती त्याला शेपूट नव्हते म्हणून. स्लीमनने १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात ही हकीकत दिली आहे.

आता १९३५ चा 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' पाहा. त्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ तिबेटात दुर्मिळ फूल शोधायला जातो, तेथे त्याला लांडगामानव चावतो आणि रूपांतर रोखणारा उतारा नेमका त्याच फुलात असतो. उतारा आहे, पण वेळेवर मिळत नाही. रघूच्या गोष्टीशी याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. साम्य मात्र नजरेत भरते. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये तर उताराच नाही. लॅरी टॅलबटला त्याचा बापच चांदीच्या मुठीच्या काठीने मारतो आणि मग आपण कुणाला मारले ते पाहतो. पटकथाकार कर्ट सिओडमॅक नाझी जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू होता. शेजारी एकाएकी श्वापद कसे होतात, हे त्याला कल्पनेने रचण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे मात्र लांडगा का नाही? लांडगा येथे धनगराच्या मेंढ्यांचा वैरी. त्याची भीती वाटते, दरारा नाही. दरारा वाघाचा. मुळशी-मावळात, कोळवणसारख्या गावांच्या भोवतालच्या डोंगरांत, वाघजाई ही देवी आहे. तैलबैलाजवळच्या घाटालाही तिचेच नाव आहे. जेजुरीच्या खंडोबाचा उपासक तर स्वतःला 'वाघ्या' म्हणवतो आणि पूर्वी भंडारा वाघाच्या कातड्याच्या पिशवीत ठेवत असे. गंमत म्हणजे लांडग्यांनी वाढवलेल्या मानवी बालकांच्या हकीकतीही स्लीमननेच १८५२ मध्ये प्रसिद्ध केल्या. म्हणजे लांडगा माणसाचे मूल सांभाळतो आणि माणूस होतो तो वाघ! म्हणूनच १९९२ च्या 'जुनून'मध्ये महेश भट्ट यांनी पौर्णिमेच्या रात्री राहुल रॉयचा लांडगा न करता वाघ केला, ते येथल्या मातीला धरून होते.

पण पशू कुणाला ठरवले जाते, हा प्रश्न उरतोच. १५८९ मध्ये जर्मनीतील बेडबुर्ग येथे पीटर स्टुम्प या शेतकऱ्याला लांडगा झाल्याच्या आरोपावरून हालहाल करून मारण्यात आले. पडद्यावरचा टॅलबट हवेलीचा वारस, म्हणून त्याच्यासाठी प्रेक्षक हळहळतो. रघू परीट. तो दारुडा होता, सगळे परीट असतात तसा, असे श्रीमंत सहज बोलून जातात. घाटातल्या मृत्यूंचा दोष अशा रीतीने वाड्यातल्या चाकराच्या माथी बसला आणि ती करमणुकीची गोष्ट झाली. निदान रघूचे नाव तरी टिकले. मुळी हातात घेऊन पळालेल्या त्याच्या बायकोचे नाव स्लीमनच्या पुस्तकात नाही.