कोमट पाण्याचा भ्रम

सुरतेत वेटसूटचा विषय निघाला की एकच उत्तर मिळते: तो थंड देशांचा पोशाख, आपल्याला त्याचे काय काम? हे मत दुबळे नाही, म्हणून त्याची बाजू आधी पुरती मांडतो. इथला समुद्र हिवाळ्यातही पंचवीस अंशांच्या आसपास असतो. खुल्या पाण्यातील जलतरणाची जागतिक संघटना आपल्या स्पर्धांत 20 अंशांवर वेटसूटला मनाईच करते. मिहिर सेन 1958 मध्ये आणि आरती साहा 1959 मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेले ते वेटसूटविनाच, आपल्यापेक्षा कितीतरी गार पाण्यात. पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ हे सात खाड्या पोहण्याचे आव्हान पूर्ण केले, तेही त्याच रीतीने. मग आपल्या डुमसच्या किनाऱ्यावर रबरी अंगरखा कशाला?

आता वाचकांनी निवाडा करावा.

हवेतले 28 अंश आणि पाण्यातले 28 अंश एक नव्हेत. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. स्वस्थ पडलेल्या उघड्या शरीराला आपली ऊब राखायची तर 33 ते 35 अंशांचे पाणी लागते. आपला समुद्र भर मे महिन्यातही तिथवर पोचत नाही. उतरताना सुखद वाटलेले पाणी काही वेळाने हुडहुडी भरवते, ते यामुळेच.

मनाईचा नियम खराच. पण तो कोणासाठी? स्पर्धक अखंड हातपाय मारतो, त्याचे शरीर भट्टीसारखे तापते. कोमट पाण्यात त्याला अतिउष्णतेचाच धोका. सुरतेहून सुट्टीत मालवणला स्कूबा डायव्हिंग करून प्रवाळ पाहायला जाणारा मात्र टाकीतली हवा पुरवण्यासाठी मुद्दाम कमीत कमी हालतो. शिवाय टाकीतल्या कोरड्या हवेचा प्रत्येक श्वास त्याची ऊब घेऊन जातो. एकाचे पथ्य दुसऱ्यावर कसे लादणार? पाणी किती गार, एवढे विचारून भागत नाही. माणूस त्यात किती वेळ आणि किती स्थिर राहणार, हेही विचारावे लागते.

खाडी पोहणाऱ्यांना माझा दंडवत. पण ते महिनोन् महिने गार पाण्याचा सराव करतात, शेजारी सोबतीची नाव असते. आणि तिथे वेटसूट वर्ज्य का? तो ऊब देतो, तरंगवतो, म्हणूनच त्याला अनुचित मदत मानतात. प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार आमच्याच बाजूने बोलतो.

कृत्रिम धाग्याच्या या शहरात आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: अंगाला घट्ट बसणारा नायलॉनचा सदरा पुरे. उन्हापासून आणि बऱ्याच अंशी जेलीफिशपासून तो वाचवतो, हे मान्य. ऊब मात्र राखत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी ओळखले की अंग कोरडे राहण्याची गरज नाही. कापडात कोंडलेले वायूचे बुडबुडे उष्णता अडवतात. वेटसूटच्या निओप्रीन रबरात ते असतात. नायलॉनमध्ये नसतात.

उरले लाइफ जॅकेट. त्याचा मान पहिला, यात वाद नाही. पण तापीच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपलीकडे जातो. उलटलेल्या कयाकवाल्याला ओहोटीने ओढून नेले, तर पाण्यातला त्याचा वेळ त्याच्या हाती राहत नाही. जॅकेट त्याला तरंगते ठेवील. बधिरलेल्या बोटांनी होडीची कड कशी धरणार?

5 मिलिमीटरचा जाड सूट इथे कोणी घेऊ नये, त्यात उकाड्यानेच हैराण व्हायला होईल. आपल्या पाण्याला 2 ते 3 मिलिमीटर पुरतात, अनेकदा अर्ध्या बाह्यांचाही चालतो. भाड्याने घेताना माप मात्र नीट पाहावे: ढगळ सूटमध्ये पाणी सतत खेळत राहते आणि ऊब वाहून जाते.