हृदयशस्त्रक्रियेतील रक्तदाबऱ्हास : औषधी निवारण

हृदय-फुप्फुस यंत्रातून रुधिराभिसरण चालू असता, परकीय पृष्ठभागांच्या संपर्काने उद्भवणाऱ्या दाहप्रतिक्रियेमुळे कित्येक रुग्णांच्या रक्तवाहिन्या शिथिल होतात व पुढे हृदय समर्थपणे आकुंचन पावत असूनही दाब कोसळतो. मेंदू व मूत्रपिंडे यांना रक्त कमी पडू नये म्हणून मध्यमान दाब साधारणतः ६५ मिमी. पाऱ्याच्या आसपास राखण्याची तजवीज भूलतज्ज्ञ करतो, आणि मनगटाच्या रोहिणीत बसविलेल्या नळीमुळे पडद्यावर उमटणारा ठोक्याठोक्याचा दाब पाहत नॉरॲड्रेनॅलिनची मात्रा कमीजास्त करीत राहतो. ते अपुरे पडल्यास व्हॅसोप्रेसिनची जोड देतात. दोन्ही निष्फळ ठरल्यास, नायट्रिक ऑक्साइडाची वाहिनीविस्फारक क्रिया रोखणारे मिथिलीन ब्ल्यू हे मूळचे रंगद्रव्य कधीकधी आश्चर्यकारक गुण देते. मात्र सेरोटोनिनवर्धक औषधे घेणाऱ्यांस ते घातक ठरू शकते. म्हणून रुग्णाने चालू औषधांची, विशेषतः नैराश्यावरील अशा गोळ्यांची, संपूर्ण यादी शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञाच्या हवाली करावी.