टर्फ टाकायचं म्हणजे नेमकं काय टाकायचं? हॉकी, फुटबॉल आणि बॉक्स क्रिकेटच्या कृत्रिम मैदानांची ओळख

बेळगाव असो, म्हापसा असो की इंदूर, ‘टर्फ’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. संध्याकाळी पोरं ‘टर्फवर जातो’ म्हणून घराबाहेर पडतात ती रस्त्याकडेच्या, जाळी आणि दिवे लावलेल्या बॉक्स क्रिकेटकडे. हॉकीवाले ‘आम्हाला टर्फ द्या’ म्हणतात तेव्हा त्यांना वेगळंच काही हवं असतं. फुटबॉलवाल्यांचं टर्फ ही तर तिसरीच वस्तू. लांबून सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे निवेदन देणारे, मंजुरी देणारे आणि ठेका घेणारे असे तिघंही एकाच शब्दावर काम भागवतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. चुकीचं टर्फ पडलं, तर ते उखडून दुसरं टाकायला निधी मिळेपर्यंत खेळाडूंची एक पिढी वयाने बाद होते.

सुरुवात ह्यूस्टनमधून

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेलं भव्य स्टेडियम उघडलं. छप्पर पारदर्शक होतं, आत खरं गवत लावलेलं होतं. पण उजेडाच्या तिरिपीमुळे बेसबॉलच्या खेळाडूंना वर उडालेला चेंडू दिसेना, म्हणून छताला रंग फासला. ऊन बंद झालं, गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे मोन्सॅन्टो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं गेलं आणि स्टेडियमवरून त्याला ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव चिकटलं. हे एका ब्रँडचं नाव. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे, तसं हॉकीच्या कुठल्याही कृत्रिम मैदानाला आजही ॲस्ट्रोटर्फ म्हणतात. ॲथलेटिक्सचा लाल सिंथेटिक ट्रॅक मात्र टर्फ नव्हे. तो पॉलियुरेथेनसारख्या रबरी थराचा असतो, त्याचं काम वेगळं आणि त्याचा ठेकाही वेगळा.

पृष्ठभाग बदलला, खेळ बदलला

ऑलिम्पिकमध्ये हॉकी कृत्रिम टर्फवर पहिल्यांदा खेळली गेली ती १९७६ ला माँट्रियलमध्ये. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. ऑलिम्पिक हॉकीत पदकाविना परतण्याची ती पहिलीच वेळ. सगळं खापर टर्फवर फोडणं बरोबर नाही. संघनिवड आणि तयारीचे घोळही होतेच. पण फरक खरा होता. गवतावर चेंडू उसळतो, दिशा बदलतो, तिथे मनगटाच्या कौशल्याला भाव असतो. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट पळतो, त्यामुळे दमसास, लांब पास आणि जोरदार फटका यांना महत्त्व येतं. एका प्रकारच्या मैदानावर घडलेली सवय दुसऱ्यावर आठवडाभरात बदलत नाही.

कुस्तीच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीत घडलेला हा पैलवान पहिल्यांदा मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य घेतलं. कबड्डीतही मातीवरचा पाय मॅटवर वेगळा पडतो, हे जुने खेळाडू सांगतात.

हॉकीचं आपल्या लोकांशी नातं जुनं आहे. १९६४ च्या टोकियोतल्या सुवर्ण संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्याच संघाचा गोलरक्षक शंकर लक्ष्मण इंदूरजवळच्या महूचा, आणि फौजेत मराठा लाइट इन्फंट्रीचा, म्हणजे ज्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे तिचा. ग्वाल्हेरला ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ रूपसिंग यांच्या नावाचं स्टेडियम आहे. मूळचं हॉकीचं, पण आज लोकांना ते आठवतं सचिनच्या २०१० मधल्या द्विशतकासाठी. ग्वाल्हेरमध्ये मध्य प्रदेश सरकारची महिला हॉकी अकादमी चालते. तिथल्या मुली लहानपणापासून टर्फवर सराव करतात. मुरुमाच्या मैदानावर खेळून जिल्हा निवडीला जाणाऱ्या मुलीला अशा मुलींशी स्पर्धा करावी लागते. म्हणून टर्फची मागणी हा हौसेचा मामला नाही. ओडिशाने हे ओळखून सुंदरगड जिल्ह्यात एकच मोठं स्टेडियम करून न थांबता सगळ्या १७ ब्लॉकमध्ये हॉकीची टर्फ टाकण्याची योजना हाती घेतली.

तीन टर्फ, तीन स्वभाव

हॉकीचं टर्फ आखूड आणि दाट असतं. पाती साधारण १० ते १३ मिलिमीटर, खाली धक्का शोषणारा रबरी पॅड, आणि पात्यांमध्ये वाळू-रबर काही नाही. त्याऐवजी पाणी. सामन्याआधी आणि मध्यंतरात मैदान भिजवतात. त्यामुळे चेंडू घसरत जातो आणि पडलेल्या खेळाडूची कातडी सोलत नाही. खेळाचं मैदान ९१.४ बाय ५५ मीटर. कडेची मोकळी जागा धरली तर अंथरलेला भाग सहा हजार चौरस मीटरच्या वर जातो. त्यावर नुसता एक मिलिमीटर पाण्याचा थर द्यायचा तरी सहा हजार लिटर लागतात. म्हणजे एक छोटा टँकर, तोही एकदाच्या भिजवणीला आणि गरजेपेक्षा कमीच. ज्या गावात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं तिथे असं टर्फ मागताना विहीर, टाकी, पंप आणि स्प्रिंकलरचं अंदाजपत्रक आधी मांडायला हवं. नाहीतर टर्फ कोरडंच वापरलं जातं. मग गुडघे सोलतात आणि पातीही लवकर झिजतात.

दुसरा मार्ग आहे वाळू घातलेल्या टर्फचा. पाती थोडी लांब, मध्ये बारीक वाळू, पाण्याची गरज नगण्य. वेग थोडा कमी मिळतो, पण शाळांना, क्लबांना आणि रोजच्या सरावाला ते पुरेसं आहे. पाण्याची ओढ असलेल्या तालुक्याने मोठ्या स्टेडियमची नक्कल करण्यापेक्षा हेच टाकावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. खुद्द आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघही पाणी कमी करण्याच्या मागे लागला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं टर्फ आधीच्या स्पर्धांपेक्षा कमी पाण्यावर चालणारं होतं.

फुटबॉलचं टर्फ उलट्या स्वभावाचं. पाती ४० ते ६० मिलिमीटर लांब, तळाशी सिलिका वाळू, वर रबराचे काळे दाणे. वाळू गालिच्याला वजन देते, दाणे पायाला मऊपणा देतात. रंग हिरवाच हवा, तसा फुटबॉलचा नियमच आहे. म्हणजे निळं हॉकी टर्फ दाखवून कुणी ‘फुटबॉललाही चालेल’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. फिफा मैदानांना दोन दर्जे देते, ‘क्वालिटी’ आणि वरचा ‘क्वालिटी प्रो’. चेंडू किती उसळतो, किती लांब घरंगळतो, पायाचा धक्का किती शोषला जातो, हे प्रत्यक्ष मैदानावर मोजलं जातं. पहिल्याचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, दुसऱ्याचं एकच वर्ष. ‘फिफा मान्यताप्राप्त’ असं पत्रकावर छापलेलं बहुतेक वेळा गालिच्याच्या प्रकाराबद्दल असतं, तुमच्या मैदानाबद्दल नव्हे.

गोव्यात म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर कृत्रिम टर्फ आहे. २०१७ ची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा मात्र फातोर्ड्याला खऱ्या गवतावर झाली. वरच्या पातळीवर खेळाडूंची पसंती अजून गवतालाच आहे. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात संपूर्ण कृत्रिम मैदानांवर खेळवला गेला, त्याविरुद्ध नामवंत खेळाडूंनी आधीच्या वर्षी तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे तक्रार केली होती. पुढे ती मागे घेतली गेली. २०२६ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी फिफाने नैसर्गिक गवताचीच अट ठेवली. तरीही गावपातळीवर टर्फचा फायदा नाकारता येत नाही. गवताचं मैदान रोज सहा-सात तास तुडवलं तर महिन्याभरात टक्कल पडतं. टर्फ हा वापर सोसतं.

बॉक्स क्रिकेटचं टर्फ हे बहुधा फुटबॉलच्याच गालिच्याची हलकी आवृत्ती. धंदा तासाच्या भाड्याचा, मौज टेनिस बॉलची, त्यात वावगं काही नाही. पण त्यावर रोज सराव करून लेदर बॉलचा फलंदाज घडत नाही. उसळी वेगळी, पावलं वेगळी. अकादमीची फी भरणाऱ्या पालकांनी एवढं विचारून घ्यावं की मुलाला आठवड्यातून किती दिवस खऱ्या खेळपट्टीवर नेणार.

खरं काम जमिनीखाली

टर्फ बिघडतं ते बहुतेकदा खालून. गालिचा कितीही भारी असला तरी खालची जमीन हलली की वर लाटा उठतात.

माळव्यात, आणि बेळगावच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती खडी पसरून टर्फ अंथरलं तर दुसऱ्या वर्षीच खड्डे दिसतात. ती माती काढून मुरुमाचा भराव, थराथराने पाणी मारून रोलिंग, मग खडी, आणि हॉकीसाठी त्यावर डांबराचा थर असा क्रम असतो. माती किती खोल काढायची हे परीक्षणावरून ठरतं. ते परीक्षण वगळून काढलेली निविदा स्वस्त दिसते, एवढंच. गोव्यात आणि खानापूरकडे जमीन जांभ्याची, पायाची काळजी तुलनेने कमी. पण तिथला पाऊस! गालिच्याच्या पाठीला छिद्रं असतात, त्यांतून झिरपलेलं पाणी बाहेर न्यायला उतार, खालचे पाइप आणि चौफेर गटार लागतं. गटाराचं तोंड शेजारच्या नाल्याच्या पातळीखाली असेल तर पावसात पाणी उलटं आत येतं. सावलीतल्या कोपऱ्यात शेवाळ धरतं ते वेगळंच, आणि शेवाळलेल्या टर्फवर पाय मुरगळायला वेळ लागत नाही.

ऊन, कातडी आणि बूट

गवत बाष्पोत्सर्जनाने थंड राहतं. प्लास्टिक तापतं. भर दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो, मग ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या मे महिन्यात दुपारी दोनला लहान मुलांचं शिबिर घेणं हा निव्वळ वेडेपणा. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच. पाणी मारल्याने थोडा वेळ आराम पडतो, पण ऊन कडक असेल तर पृष्ठभाग लवकरच पुन्हा तापतो.

घसरून पडल्यावर टर्फने कातडी भाजल्यासारखी सोलते. ती जखम साबण-पाण्याने लगेच धुवावी, ‘वाळेल आपोआप’ म्हणून सोडू नये. पायाच्या अंगठ्याच्या सांध्याच्या दुखापतीला तर ‘टर्फ टो’ असं नावच पडलं आहे. हे नाव १९७६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी दिलं. बूट पृष्ठभागात जास्त रुततो आणि अंगठा मागे दुमडतो, असा तो प्रकार. म्हणून लांब स्टडचे बूट नकोत. लहान रबरी ठिपक्यांचे टर्फ शूज घ्यावेत.

फीत कापल्यानंतर

टर्फला देखभाल लागत नाही, हे विक्रेत्याचं वाक्य. दाणे पायांबरोबर सरकतात, मोज्यांतून घरी जातात, पावसात वाहतात. गोलसमोर आणि पेनल्टीच्या ठिकाणी ते आधी संपतात आणि पाती आडवी पडतात. नियमित ब्रश मारणं, दाणे भरणं, पानं उचलणं, सुटलेले जोड चिकटवणं ही कामं ठरलेल्या माणसाने करायची असतात. गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि गणपतीतले फटाके हे आपले खास शत्रू. पॉलिथिलीनची पाती ठिणगीने वितळतात आणि तिथे कायमचं भोक पडतं. सभेच्या मंडपाच्या खुंट्या ठोकल्या तर पॅडपर्यंत भगदाड. सार्वजनिक मैदान असेल तर लग्न, सभा, प्रदर्शन यांना बंदी घालणारा ठराव टर्फ टाकण्याआधीच करून घ्यावा, नंतर कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही.

चांगली निगा असेल तर गालिचा आठ ते दहा वर्षं टिकतो. पाया नीट असेल तर त्यावर दुसरा गालिचा अंथरता येतो, म्हणजे दुसऱ्या वेळचा खर्च कमी. हा बदलीचा पैसा दरवर्षी बाजूला काढणाऱ्या संस्था विरळाच.

काळ्या दाण्यांचा प्रश्न अजून एक आहे. ते बहुतेक जुन्या टायरांचा चुरा असतात, आणि फुटबॉलच्या पूर्ण मैदानात त्यांचं वजन शंभर टनांपर्यंत जाऊ शकतं. ते गटारातून ओढ्यात, नदीत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात मैदानात भरायच्या अशा दाण्यांच्या विक्रीवर ऑक्टोबर २०३१ पासून बंदी आहे. म्हणून तिकडे कॉर्कसारखे पर्याय वापरात येत आहेत. आपल्याकडे निदान गटाराच्या तोंडाशी बारीक जाळी आणि कडेला उंच काठ एवढं तरी करता येतं, खर्च फार नाही.

आणि जुना गालिचा? थोडा क्रिकेटच्या नेटमध्ये, थोडा कुणाच्या गच्चीवर जातो. उरलेला गुंडाळून मैदानाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहतो, कारण तो कोणी न्यायचा हे निविदेत लिहिलेलंच नसतं.