कोआलाचा न दिसणारा शत्रू

ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या फोटोंत कोआला हमखास असतो. झाडाला मिठी मारून पेंगणारा हा प्राणी दिसतो अस्वलासारखा, पण आहे कांगारूच्या जातकुळीतला. पिलाला पोटावरच्या पिशवीत वाढवणारा. त्याच्यावर आलेल्या संकटांचा इतिहास मात्र गोजिरवाणा नाही.

पहिले संकट माणसाने आणले. मऊ कातड्यासाठी कोआलांची बेसुमार शिकार झाली. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड सरकारने शिकारीला मोकळीक दिली आणि पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. लोक खवळले, तशी मोकळीक पुन्हा कधी मिळाली नाही.

दुसरा शत्रू मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हता. कोआलांच्या डोळ्यांना होणाऱ्या आजाराच्या नोंदी जुन्या आहेत. १९७४ साली अशा आजारी डोळ्यांत क्लॅमिडिया नावाचा जिवाणू सापडला. हाच जिवाणू मूत्रमार्गाला सूज आणतो आणि माद्यांना वांझ करतो, हे पुढच्या दशकात उलगडले. तो समागमातून पसरतो, आईकडून पिलालाही मिळतो.

जिवाणूचा आजार, मग प्रतिजैविक द्यावे, असे आपण सहज म्हणू. खरी मेख इथेच आहे. कोआला खातो निलगिरीची विषारी पाने, आणि ती पचवायला मदत करतात त्याच्या आतड्यातले जिवाणू. पिलू पिशवीतून डोके बाहेर काढू लागले की आईची खास मऊ विष्ठा खाते. त्यातून हा ठेवा त्याला मिळतो. औषध शत्रूबरोबर या मित्रांनाही मारते. मग रोग हटतो, पण समोर पाने असूनही रोग्याची उपासमार होऊ शकते.

म्हणून संशोधक लशीकडे वळले. दहा वर्षांहून अधिक खटपटीनंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये एका मात्रेच्या लशीला ऑस्ट्रेलियात मान्यता मिळाली. तिच्यामुळे रानातल्या कोआलांचे या रोगाने होणारे मृत्यू किमान ६५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

ही आनंदाची बातमी. पण २०२२ साली देशाच्या पूर्व भागातला कोआला संकटग्रस्त ठरला, तो केवळ रोगामुळे नव्हे. जंगलतोड, वणवे आणि दुष्काळ यांनीही त्याला घेरले आहे. लस जिवाणूला अडवील. कुऱ्हाड माणसालाच आवरावी लागेल. बरा झालेला कोआला परत जायचा कुठे, तर झाडावरच!