येलो स्प्रिंग्जचे कॉलेज

कॉलेजची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. दहावीनंतर कारखान्यात लागलो, आणि जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयात. असल्या माणसाने कॉलेजांच्या भवितव्यावर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु कारखान्याला टाळे लागताना मी पाहिले आहे, आणि अमेरिकेतील एका लहान कॉलेजचा इतिहास वाचताना ते बंद फाटक वारंवार डोळ्यांपुढे आले.

ओहायो राज्यातील येलो स्प्रिंग्ज हे पावणेचार हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव. तेथे १८५३ साली अँटिऑक कॉलेज सुरू झाले. पहिले अध्यक्ष होरेस मॅन, म्हणजे अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. मुलगे व मुली एकत्र शिकत, आणि रिबेका पेनेल या प्राध्यापिकेला पुरुष सहकाऱ्यांइतकेच वेतन मिळे. समान वेतनासाठी आम्ही अजून भांडत आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. हिशेबात मात्र चूक झाली. शंभर डॉलर देणाऱ्याला एका विद्यार्थ्याच्या मोफत शिक्षणाचा कायमचा हक्क विकला गेला. पैसा एकदाच आला, खर्च दरसालचा! १८५९ साली कर्जापायी कॉलेजचा लिलाव झाला. त्याच वर्षी मॅन वारले. हितचिंतकांमुळे संस्था तगली, पण यादवी युद्धात आणि पुन्हा १८८१ मध्ये वर्ग बंद पडलेच.

तिला नवा जीव दिला तो आर्थर मॉर्गन या इंजिनियरने. १९२१ पासून त्याने असा क्रम लावला की विद्यार्थ्याने काही महिने वर्गात शिकावे आणि काही महिने कारखान्यात, कचेरीत, पगारावर काम करावे. आपल्याला कर्मवीर भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ची आठवण होईल. फरक इतकाच की अँटिऑकमध्ये हे काम गरिबीवरचा तोडगा म्हणून नव्हते. श्रम हा अभ्यासाचाच भाग मानला होता. मला या कॉलेजविषयी ओढ वाटली ती येथे.

पुढे भरभराट झाली आणि तिच्यातच खोट निघाली. साठीच्या दशकापासून देशभर केंद्रे उघडण्यात आली. १९७८ मध्ये त्या साऱ्यांचे नाव अँटिऑक विद्यापीठ झाले. मूळ कॉलेजचे धन व लक्ष तिकडे गेले, असा माजी विद्यार्थ्यांचा आरोप होता. जुन्या गिरणीच्या जिवावर दुसरीकडे नवी युनिटे काढायची आणि मग जुनी तोट्यात आहे म्हणायचे, हा प्रकार कामगारांना नवा नाही.

पण एक गोष्ट माझ्या मताविरुद्ध जाते, तीही सांगितली पाहिजे. १९७३ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी तेथे संप केला. गरीब विद्यार्थ्यांची आर्थिक मदत कमी होईल, ही भीती त्यामागे होती. इमारतींना कुलपे लागली, कित्येक आठवडे वर्ग भरले नाहीत. मागणी न्याय्य होती, असेच मी म्हणेन. तरी त्यानंतर विद्यार्थी घटत गेले ते पूर्वीच्या आकड्याला पुन्हा पोचले नाहीत. संप कधी करावा यावर मी आयुष्यभर बोललो. कधी थांबवावा यावर त्या मानाने कमी बोललो.

जून २००७ मध्ये विश्वस्तांनी कॉलेज बंद करण्याचे जाहीर केले. विद्यार्थी चारशेच्या आत आले होते. योगायोग असा की अमेरिकेत त्याच साली ४३ लाखांवर मुले जन्मली. २०२० साली जन्मली ती ३६ लाख. २००७ ची मुले २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे खरी ओहोटी त्यांच्या मागून येणार. विद्यार्थिसंख्या तर आधीच, २०१० च्या दोन कोटी दहा लाखांवरून २०२१ पर्यंत एक कोटी ८७ लाखांवर आली होती. तिची झळ लहान कॉलेजांना आधी लागते, कारण त्यांचा बहुतेक खर्च फीवर चालतो.

३० जून २००८ रोजी अँटिऑक बंद झाले. पण काही प्राध्यापक गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी चर्चमध्ये, लोकांच्या घरांत वर्ग चालू ठेवले. गावकऱ्यांनी दारे उघडी ठेवली. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवून २००९ मध्ये आवार व नाव विकत घेतले, आणि २०११ मध्ये ३५ विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग आला. त्यांना चारही वर्षे शिक्षण शुल्क माफ होते. शंभर डॉलरची जुनी गोष्ट ठाऊक असलेल्या हिशेबनीसाच्या पोटात तेव्हा गोळा आला असेल! कॉलेज अद्याप ओढगस्तीतच आहे, आणि तेथील सारे विद्यार्थी आजच्या या मंडपात सहज मावतील.